शनिवारचा तास पुन्हा सुरू करा : शिक्षणाधिकारी आणि आमच्या शाळेच्या संचालकांना खुलं पत्र

मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद,
आणि आमच्या गावच्या विद्यालयाचे सन्माननीय अध्यक्ष व संचालक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली त्याच्या तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक कागद हातात दिला. दोन ओळींचा. पालकांच्या तक्रारीवरून, सट्ट्यासारख्या विषयाचा अवांतर वर्ग शाळेच्या आवारात घेऊ नये, असं त्यात होतं. म्हणजे शेअर, बचत आणि कर्ज समजावणारा माझा शनिवारचा तास. वर जिल्हा कार्यालयाच्या पत्राचा जावक क्रमांक, खाली संस्थेचा शिक्का. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. "मॅडम, माझ्या हातात काही नाही," एवढंच ते म्हणाले. मी वर्गातून जुन्या पेपरांचा गठ्ठा उचलला आणि घरी आले.

त्यानंतर तुम्हां दोघांनाही मी वेगवेगळी पत्रं लिहिली. पोचपावती आहे, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

या शाळेत मी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं आणि २०२२ साली निवृत्त झाले. वर्धा नदीच्या काठचं आमचं गाव, कापूस, तूर आणि सोयाबीनचं. आज ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांतले निम्मे पालक माझ्याच हाताखालून गेलेत. आपल्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात. यंदा त्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास घ्यायला लागले. फी नाही, सक्ती नाही, परीक्षा नाही. नाव मी काहीच दिलं नव्हतं, मुलांनीच त्याला 'पैशाचा तास' म्हणायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत एक्केचाळीस मुलं यायला लागली होती, त्यांत अठरा मुली.

हा तास मला का घ्यावासा वाटला, ते तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तेच आधी सांगते.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. नाव लिहीत नाही, पण हे लिहायला त्यानं स्वतः हो म्हटलंय. २०१९ साली तो माझ्याच वर्गात दहावीला होता. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये चौथं प्रकरण आहे, 'अर्थनियोजन'. जीएसटी, शेअर, दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी, सगळं त्यात आहे. पोरानं त्या प्रकरणावरची सगळी उदाहरणं बरोबर सोडवली होती. शंभर रुपये दर्शनी किमतीचा शेअर एकशेवीसला घेतला, दलाली इतकी, दलालीवर जीएसटी १८ टक्के, एकूण खर्च काढा. काढला. पूर्ण गुण. शेअर म्हणजे मुळात काय, तो विकणारा का विकतो, किंमत कशानं पडते, यावर मी दोन वाक्यं बोलले असेन. बोर्डाच्या पेपरात उदाहरण येतं, म्हणून उदाहरण शिकवलं. त्यात माझी चूक होती आणि ती मला अजून टोचते.

२०२३ मध्ये तो तालुक्याच्या कॉलेजात होता. कुणीतरी त्याला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथं रोज सकाळी 'कॉल' यायचा, म्हणजे आज काय घ्यायचं त्याची टिप. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक. तो मुदतीपर्यंत एका ठरलेल्या भावाच्या वर किंवा खाली जाईल, यावर पैसे लावायचा करार म्हणजे ऑप्शन. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत तेव्हा गुरुवारी संपायची. मुदतीच्या सकाळी लांबच्या भावाचा ऑप्शन चार रुपयांना मिळायचा. एका लॉटमध्ये तेव्हा ५० नग, म्हणजे दोनशे रुपयांत सौदा. दुपारी साडेतीनपर्यंत निर्देशांक त्या भावाच्या पलीकडे गेला नाही, तर दोनशेचं शून्य. पहिल्याच महिन्यात एका गुरुवारी त्याच्या दोनशेचे चौदाशे झाले. त्या चौदाशेनं त्याला धरून ठेवलं. पुढं दोनशेऐवजी तो दोन हजार लावायला लागला, मग वीस हजार. भावाच्या बँक खात्याचं यूपीआय याच्याच मोबाइलवर होतं, कारण घरात तेवढं समजणारा तोच. कापसाचा चुकारा जमा झाला, तो गेला. सोसायटीचं पीककर्ज उचललं होतं, त्यातलंही गेलं. अकरा महिन्यांत तीन लाख चाळीस हजार. कर्ज मुदतीत फिटलं नाही म्हणून व्याजाची सवलतही गेली. भावानं नदीकडचं वावर दोन वर्षांसाठी ठेक्यानं देऊन टाकलं. ज्या वावरात तो मालक म्हणून राबला, त्याच्या धुऱ्यावरून तो आता दुसऱ्याचं पीक पाहत जातो.

पोरगा माझ्याजवळ येऊन एकच वाक्य बोलला : "आत्या, शेअर आणि ऑप्शन वेगळे असतात हे मले पैसे गेल्यावर समजलं."

सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे अशा मुदतीच्या सौद्यांत, उतरलेले वैयक्तिक लोक एक कोटीहून जास्त. त्यांतले ९३ टक्के तोट्यात. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता लाखावर नफा कमावणारे फक्त १ टक्का. यात तिशीच्या आतले एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आणि ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. हे आकडे वाचताना मला मुंबई-पुण्याचं कुणी दिसत नव्हतं. माझा भाचरू दिसत होता, आणि दहावीच्या त्या बाकांवर बसलेली पुढची पोरं.

आता त्या तासाला मी काय शिकवत होते ते सांगते.

सुरुवात गावातल्या दालमिलपासून केली. समजा मिलची किंमत दहा हजार आणि तिचे एक हजार सारखे हिस्से केले, तर एक हिस्सा दहा रुपयांचा. मिलला नफा झाला तर त्यातला लाभांश वाटून मिळेल. नाही झाला तर नाही मिळणार. एका पोरानं विचारलं, "मिल बुडाली तर आमच्या घरावर जप्ती येते का?" नाही येत. तुमचे दहा रुपये बुडतात, मिलचं कर्ज तुमच्या डोक्यावर येत नाही. मर्यादित जबाबदारी हा शब्द पुस्तकात कितीही वेळा वाचला असता तरी त्या प्रश्नाएवढा कळला नसता.

मग इतिहास. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरची झिंग चढली, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोक काहीही देऊन घ्यायला लागले. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे मानले जायचे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर मातीमोल झाले, पेढ्या बुडाल्या. वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी पुढं १८७५ मध्ये आपली रीतसर संघटना केली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. म्हणजे मुंबईला जाणारी गाडी इथं पोचली तेव्हा तेजी येऊन गेली होती. उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि एम्प्रेस मिल. आपल्या नागपूरची. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू केली. तेव्हा नागपूरच्या एका सावकारानं, हा माणूस सोनं मातीत पुरतोय म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. पुढं त्यानंच कबूल केलं की टाटांनी माती घालून सोनं काढलं. मुलांना ही गोष्ट फार आवडली. मग मी दुसरा भागही सांगितला, की तीच गिरणी शंभर वर्षांनंतर बंदही पडली. चांगली कंपनी कायम चांगली राहतेच असं नाही, म्हणून सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये. आपले कास्तकार कापसात तुरीची ओळ कशाला घालतात, ते मुलांना आधीच माहीत होतं.

आमच्या गावात सेबी हे नाव आलंच सोयाबीनमुळे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं आणि नवा माल यायच्या वेळी कोसळलं. डिसेंबरमध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले, त्यावर पारावर महिनाभर वाद झाले. तेव्हा ही मुलं पाचवी-सहावीत होती, पण घरात बोललेलं त्यांच्या ध्यानात आहे. वायदा, तेजी, मंदी, साठा, भाव पाडणं हे शब्द त्यांना मी शिकवले नाहीत. ते ती घरूनच घेऊन आली होती.

एका शनिवारी सेबीचे ते आकडे दाखवायला मी शंभर चिंचोके आणले. सातांवर खडूची खूण, त्यांतल्या एकाला कुंकू. पिशवीत घातले. खूण म्हणजे नफा, कुंकू म्हणजे लाखावर नफा. प्रत्येकानं एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा. एक्केचाळीस मुलांत तिघांना खुणेचा आला. कुंकवाचा कुणालाच नाही. आठवीपासून शिस्तीत न बसणारा एक मुलगा त्या दिवशी तास संपेपर्यंत हातातल्या कोऱ्या चिंचोक्याकडे बघत होता. दुसऱ्या शनिवारी तो उशिरापर्यंत थांबला आणि त्यानं सांगितलं की बापाच्या आधार-पॅनवर त्यानं शेअर-ऑप्शनच्या सौद्यांचं खातं उघडलंय. वय सोळा. बापाला माहीत नाही. त्या वयाच्या मुलाचं खातं पालकांसोबत उघडता येतं, पण त्यात ऑप्शन करता येत नाहीत, म्हणून ही वाट. असे आणखी दोघं निघाले. तिघांनीही वडिलांना सांगितलं, दोघांनी माझ्या समोर. खाती बंद झाली. हे वर्ग बंद व्हायच्या आधीच्या महिन्यातलं आहे.

मुलींचे प्रश्न आणखी खोल होते. एकीची आई बचत गटात आहे. तिनं विचारलं, "गटातलं कर्ज शेकडा दोन रुपये महिन्यानं मिळते. म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. मग फंडात बारा टक्के भेटले असं लोकं सांगतात, ते कर्ज काढून टाकले तर?" उत्तर तिनं स्वतःच फळ्यावर मांडलं. बहात्तरला व्याजदरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायची वर्षं अंदाजानं कळतात. चोवीस टक्क्यांनी कर्ज तीन वर्षांत दुप्पट. बारा टक्क्यांनी, तेही मिळालेच तर, पैसा सहा वर्षांत. मग ती म्हणाली, "आधी कर्ज." गटाचं व्याज गटातच राहतं, सावकाराकडे जात नाही, हा फरकही तिनंच काढला. याच भागाकारानं आम्ही दामदुप्पटीच्या पत्रकांकडे पाहिलं. पोस्टाचं किसान विकास पत्र पैसे दुप्पट करायला ११५ महिने घेतं, आणि त्यामागे भारत सरकार उभं आहे. सहा महिन्यांत दुप्पट करून देणाऱ्यामागे कोण उभं आहे, हा प्रश्न आता ही मुलं घरी विचारतात.

कोणता शेअर घ्या, हे मी एकदाही सांगितलं नाही. सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं की नुसतं शिक्षण देणाऱ्यानं मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलू नये. म्हणून मी रद्दीतले चार-पाच महिन्यांपूर्वीचे पेपर वापरायचे. तो गठ्ठा अजून माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवीन. मुलं वहीत त्या जुन्या भावांवर खोटी खरेदी-विक्री लिहायची. खरा एक रुपयाही कुणी लावला नाही. सल्ला देणाऱ्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक विचारायचा, तो सेबीच्या संकेतस्थळावर शोधायचा, सापडला नाही तर ग्रुप सोडायचा, हा सराव मात्र खरा होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली ही की बंद करण्याआधी कुणी येऊन पाहिलं नाही. संस्थेचे दोन संचालक शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. जिल्ह्याहून येणं जमलं नसतं तर केंद्रप्रमुखांना पाठवायचं होतं. मुलांच्या वह्या मागवायच्या होत्या. एकोणतीस वर्षं ज्या शाळेत हजेरी घेतली, तिथून दोन ओळींत बाहेर काढताना मला एक प्रश्न विचारायला हवा होता. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही.

दुसरी तक्रार त्या 'सट्टा' शब्दाची आहे. आपल्याकडे सट्टापट्टी म्हणजे काय ते गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, कारण तिच्या घरातून पैसा जातो. हा शब्द कागदावर आल्यावर गावात कोण कसं बोललं असेल याची तुम्ही कल्पना करा. एक पालक मला बाजारात भेटले. रागानं नाही, काळजीनं बोलले : "बाई, तुमी पोट्ट्यायले सट्टा शिकवून रायल्या म्हन्ते लोकं. माह्या पोट्ट्यानं मोबाइलवर पैसे लावले तर मी काय करू?" त्यांची भीती खरी आहे. माझ्या भावाच्या घरात ती खरी ठरली आहे. पण शेअर घेणं म्हणजे धंद्यातला हिस्सा घेणं, त्यात जोखीम असते आणि धंदा वाढला तर फळही असतं. आठवडी ऑप्शनमध्ये एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांच्याही खिशातून दलाली आणि कर जातो. हा फरक सांगणारा गावातला एकमेव तास तुम्ही सट्टा म्हणून बंद केला. ज्या विषयाला तुम्ही सट्टा म्हणता तो २०१८ पासून शासनाच्या दहावीच्या पुस्तकात आहे. नववीच्या पुस्तकात त्याआधीचा भाग आहे, बचत, गुंतवणूक आणि आयकराचा. मग ते प्रकरणही सट्टा समजायचं का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

गणपतीत शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर एक फ्लेक्स लागला होता. ट्रेडिंग शिका, महिन्याला लाख कमवा, तालुक्याच्या मंगल कार्यालयात सेमिनार, प्रवेश ४९९ रुपये. बारा दिवस तो तिथं होता. मी स्वतः दोनदा सांगितलं, निघाला नाही. आपल्या शाळेची पाच मुलं त्या सेमिनारला गेली, कुणी आजीकडून पैसे घेऊन, कुणी शेतातल्या मजुरीचे. त्याबद्दल कुणाकडून कागद निघाला नाही.

शिक्षकांचंही सांगायला हवं. 'अर्थनियोजन' हे प्रकरण बऱ्याच शाळांत घाईत उरकतात किंवा मुलांना 'पर्यायात सोडा' म्हणतात. मीही वर्षानुवर्षं घाईतच घेतलं. पण त्या शिक्षकांना दोष देण्याआधी हे पाहा की त्यांनी स्वतः कधी शेअर पाहिलेला नसतो. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि पेन्शन या चार नियामकांनी मिळून राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र चालवलं आहे. सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी त्यांचं प्रशिक्षण आहे, मुलांसाठी इयत्तावार कार्यपुस्तिका आहेत, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी वित्तीय साक्षरतेची राष्ट्रीय चाचणी आहे. मी सेवेत असताना यांतल्या एकाही गोष्टीचं पत्रक माझ्या टेबलावर आलं नाही. निवृत्त झाल्यावर मी ते स्वतः शोधलं.

आणि शेवटची तक्रार, जी मला सगळ्यांत जास्त लागली. शाळेतला तास बंद झाल्यावर मुलं म्हणाली, मॅडम, तुमच्या घरी या. मी ओसरीत संध्याकाळी वर्ग सुरू केला. एकोणीस येतात. त्यांत मुली दोन. संध्याकाळी बाहेर पाठवत नाहीत, स्वयंपाक असतो, गावाबाहेरच्या मुलींना एसटी नसते. शाळा सुटल्यावर लगेच, शाळेतच, हे त्यांना जमत होतं. बचत गटाचं गणित फळ्यावर मांडणारी ती मुलगी येत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं लग्न होईल, तिच्या नावानं खातं उघडेल, कुणीतरी कागद पुढं करून सही कर म्हणेल. तिला तो कागद वाचता यावा एवढंच मला करायचं होतं.

माझं मागणं साधं आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि संस्थेनं तो आदेश मागं घ्यावा आणि शनिवारी अकराचा तास शाळेत पुन्हा सुरू करावा. हवं तर शाळेचा एक शिक्षक आणि एक पालक दर वेळी बसू द्या, मी काय शिकवणार ते आठवडाभर आधी लिहून देईन. माझ्याऐवजी दुसरं कुणी शिकवणार असेल तरी माझी हरकत नाही, मी गठ्ठा आणि चिंचोके त्यांच्या स्वाधीन करीन. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांच्यासोबत सभा बोलवा. त्यांची नावं मला नको आहेत, त्यांचे प्रश्न हवे आहेत, आणि माझा भाचा त्या सभेत येऊन बोलायला तयार आहे.

जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या निदान एका गणित शिक्षकाला पुढच्या सत्राआधी राष्ट्रीय केंद्राचं प्रशिक्षण मिळावं, आणि नववी-दहावीचं 'अर्थनियोजन' पूर्ण शिकवलं जातं की नाही हे तपासणीच्या वेळी वह्या पाहून ठरवावं.

शाळेच्या भिंतीवर आणि गेटवर पैसे दुप्पट करण्याची, ट्रेडिंगची एकही जाहिरात लागू नये. पालकांना एक पानाची मराठी सूचना जावी : आधार, पॅन आणि बँकेचा ओटीपी मुलांच्या हाती देऊ नका, आपल्या नावानं डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलंय का ते विचारा, नोंदणी नसलेल्या सल्लागाराच्या ग्रुपमधून बाहेर पडा. ही सूचना लिहून, शाई-कागदाचा खर्च करून द्यायची माझी तयारी आहे.

उत्तर लेखी द्यावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हे पत्र वाचण्याची परवानगी मी सरपंचांकडे मागितली आहे. तोवर तुमचं उत्तर आलं, तर तेही याच्यासोबत वाचून दाखवीन.

आपली,
याच शाळेची एक निवृत्त गणित शिक्षिका